मधला रंग

प्रकाशावाचून झाड वाढत नाही आणि बैठकीवाचून प्रकाश मंजूर होत नाही. यातला पहिला नियम निसर्गाचा असल्याने त्यात फारशी सुधारणा करता येत नाही. दुसरा ओस्टरझाइल नगरपालिकेचा आहे, आणि गेल्या हिवाळ्यात तिने त्यात जी सुधारणा करून दाखवली तिची दखल घ्यावी तेवढी थोडी.

ओस्टरझाइल समुद्रापेक्षा दोन मीटर खाली आहे आणि बहुतेक सगळं काचेखाली आहे. इथे टोमॅटो मातीत वाढत नाहीत, दगड वितळवून कातलेल्या लोकरीच्या उशांवर वाढतात. (माती बघायचीच झाली तर दफनभूमीत जावं लागतं.) काचघरांच्या संगतीने माणसांनाही उघड्यावर राहायची सवय लागली आहे. रस्त्याकडच्या खिडकीला कुणी पडदा ओढत नाही, ओढलाच तर दुसऱ्या दिवशी शेजारी विचारतात, "घरात सगळं बरं आहे ना?"

या गावात हाउब नोर्डाम नावाचा सदुसष्ट वर्षांचा टोमॅटोवाला राहतो. अंगाने दांडगा, बोलायला कमी आणि केलेल्या सहीला जागणारा. सहीला जागणं हा त्याचा एकमेव दुर्गुण. पुढे जे काही नुकसान झालं ते त्यामुळेच झालं, असं नगरपालिकेचंही मत आहे.

हिवाळ्यात इथला सूर्य नऊला येतो, साडेचारला जातो आणि मधल्या वेळात जागेवर सापडेल याची खात्री नसते. म्हणून काचघरांत दिवे लागतात. हाउबच्या काचघरात लाल दिवे होते आणि त्यांत थोडे निळे मिसळलेले. लाल उजेड झाडाला फुलाफळाकडे ढकलतो, निळा त्याला बसकं आणि दणकट ठेवतो, हे हाउबने बारा हिवाळे डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन्ही मिळून दिसायला गुलाबी. काचघराचं छत वाफ बाहेर सोडण्यासाठी वीतभर उघडं ठेवावं लागतं, आणि वाफेबरोबर हा गुलाबी उजेडही बाहेर पडून ढगांना लागायचा.

त्या उजेडाखाली त्या वर्षी खास दोनशे चाळीस रोपं उभी राहायची होती. हाउबची बायको खेसिना हिने अकरा वर्षं खपून, रंगाच्या बारीक कुंचल्याने या फुलाचा पराग त्या फुलाला लावत, एक नवा टोमॅटो तयार केला होता. लहान, नारिंगी, अंगावर पिवळ्या रेघा. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि मागे एक अर्ज ठेवून गेली. नव्या वाणांची नोंद करणाऱ्या कचेरीचा नियम साधा आहे: लागोपाठ दोन हिवाळे, किमान दहा झाडांवर, एकसारखं पिकलेलं फळ दाखवा, की वाणाला हवं ते नाव मिळतं. अर्जदार मयत असेल तर ही संधी एकदाच. (मयत अर्जदार वारंवार अर्ज करू लागले तर कचेरीवर ताण येईल, हे कुणालाही पटेल.) पहिला हिवाळा पार पडला होता. उरलेलं सगळं बी, मोजून दोनशे चाळीस, बडीशेपेच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात होतं. दुसऱ्या हिवाळ्यात फळ धरलं की टोमॅटोचं नाव 'खेसिना' होणार होतं. हाउबला आयुष्यात आता एवढं एकच काम उरलं होतं आणि ते त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

कालव्यापलीकडे नवी वसाहत आहे. तिथल्या रहिवाशांनी काचघरांच्या गावात घर घेतल्यावर त्यांना काचघरं दिसू लागली. ढग गुलाबी असल्याबद्दल एका हिवाळ्यात चारशे बारा तक्रारी दाखल झाल्या. त्यांचं वर्गीकरण नगरपालिकेने निष्ठेने केलं: झोप येत नाही, ९४, झोप येते पण गुलाबी येते, ३१, पाहुण्यांना घराचा रंग चुकीचा दिसतो, ५८, कोंबड्या गोंधळल्या, २६, शूर्ड विआर्डा, २०३.

शूर्ड विआर्डा हे पोहण्याच्या तलावांचे निवृत्त तपासनीस. तीस वर्षं पाण्याचा रंग तपासल्यावर माणूस आभाळ मोकळं सोडू शकत नाही. पण माणूस वाईट नव्हता. हाउबच्या घराच्या अगदी समोर, कालव्यापलीकडे राहायचा, आणि हाउबच्या संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर त्याचं नाव होतं. ओस्टरझाइलमध्ये माणसाची खरी नोंद तिथेच होते. खेसिनाने स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत लिहिलं होतं: सतरा मे, शूर्ड. ज्याचं नाव संडासात आहे त्याच्याशी उघड भांडण करता येत नाही, कारण मग ते नाव खोडावं लागतं आणि रोज सकाळी ती खाडाखोड बघावी लागते.

नगरपालिकेने मग 'काचघर प्रकाशरंग सल्लामसलत मंडळ' नेमलं. सभासद चौदा: सात उत्पादक, सात रहिवासी. अध्यक्षस्थानी लिडुइना ब्राकेनहॉफ. या बाईंनी याआधी एका पुलाचं भांडण अठरा वर्षं एकमताने चालवलं होतं आणि तो पूल आजही बांधला गेलेला नाही. मंडळाचे नियम पहिल्याच बैठकीत ठरले. कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्किट. दुसऱ्या कॉफीच्या आत बोलून घ्यायचं. बिस्किटांच्या डब्याचं झाकण लागलं की नवा मुद्दा काढायचा नाही. आणि चौथा नियम, जो सगळ्यांत महत्त्वाचा: जो बोलला नाही तो सहमत, आणि जो नुसतं 'हं' म्हणाला तो मनापासून सहमत. हे नियम उत्तमच होते. चौदा माणसं, एक डबा आणि पाच बैठका एवढ्या भांडवलावर जगात कुठेही याहून जास्त शांतता निर्माण झालेली नाही.

उत्पादकांची मागणी होती लाल. रहिवाशांची मागणी होती निळा. शूर्ड विआर्डांनी ती अशी मांडली: "आकाश निळं असतं. यात माझं वैयक्तिक मत काही नाही. ते आधीपासून तसं आहे."

"रात्री काळं असतं," हाउब म्हणाला.

"गडद निळं," शूर्ड म्हणाले. हे इतिवृत्तात नोंदवण्यात आलं.

चार बैठका लाल आणि निळ्यात गेल्या. उत्पादकांनी एका बैठकीत निळ्याला चार टक्के जास्त द्यायचं कबूल केलं, रहिवाशांनी पुढच्या बैठकीत लालचं अस्तित्व तत्त्वतः मान्य केलं. पाचव्या बैठकीला लिडुइनाबाई दिवे विकणाऱ्याने वाटलेला रंगपट्ट्याचा तक्ता घेऊन आल्या. एका टोकाला जांभळा, मग निळा, आणि असं करत दुसऱ्या टोकाला लाल. त्यांनी तक्त्यावर पट्टी ठेवली. खाली तरंगलांबीचे आकडे छापले होते: निळा साडेचारशेवर, लाल सहाशे साठवर. त्यांनी दोन्हींची बेरीज केली, ती निम्मी केली आणि पाचशे पंचावन्नवर पेन्सिलीने टिंब काढलं.

टिंब हिरव्यावर पडलं.

"मध्य," त्या म्हणाल्या. "कुणाकडेच झुकलेला नाही. दोघांनाही अगदी सारखाच लांब."

खोलीत जी शांतता पसरली तिला इतिवृत्तात 'समाधान' म्हटलं आहे. शूर्ड विआर्डा खुर्चीत मागे रेलले आणि दोनशे तीन तक्रारींनंतर पहिल्यांदाच म्हणाले, "चालेल मला. झाडंसुद्धा हिरवीच असतात, त्यांना घरच्यासारखं वाटेल." हाउबने तोंड उघडलं. त्याला संडासातली निळी शाई आठवली, सतरा मे आठवला. तेवढ्यात लिडुइनाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. हाउब म्हणाला, "हं." आणि खाली सही केली.

घरी आल्यावर त्याने मुलीला सांगितलं. नेल्त्ये वनस्पतिशास्त्र शिकून वडिलांच्याच काचघरात काम करायची आणि वडिलांपेक्षा दसपट बोलायची. ती बटाटे सोलत होती. ऐकून तिने सुरी खाली ठेवली.

"हिरवा? बाबा, हिरवा?"

"मध्य आहे."

"पान हिरवं का दिसतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"हिरवा उजेड ते परत फेकतं म्हणून. जे त्याला नको असतं तेच आपल्याला दिसतं." (सगळाच फेकत नाही, थोडा पोटात घेतं, ही टीप तिने प्रामाणिकपणे जोडली.) "उपाशी माणसाला वास देऊन वाढवायचं म्हणता. तुम्ही बोलला का नाहीत?"

"झाकण लागलं होतं."

"आईचं बी आहे ते."

"ठाऊक आहे," हाउब म्हणाला, आणि बटाटे घेऊन स्वतःच सोलायला लागला. त्या दिवशी त्याने बटाटे इतके जाड सोलले की जेवायला निम्मेच उरले.

नोव्हेंबरच्या एक तारखेला गावातल्या सगळ्या काचघरांत हिरवे दिवे लागले. ढग हिरवे झाले. मंडळाने तत्परतेने पाहणी केली. रहिवाशांपैकी बासष्ट टक्के 'सांगता येत नाही', एकवीस टक्के 'उत्तर ध्रुवासारखं वाटतं' (यांपैकी ध्रुवावर गेलेले, शून्य), अकरा टक्के 'जेवण आजारी दिसतं', उरलेल्यांना प्रश्न कळला नाही. तक्रारी चारशे बारावरून चारशे नऊवर आल्या. घट नगण्य असली तरी दिशा योग्य आहे, असं अहवालात म्हटलं आहे.

झाडांच्या बाबतीत यश याहून उज्ज्वल होतं. हिरव्या उजेडात रोपाला वाटतं, आपण दुसऱ्या झाडांच्या सावलीत अडकलो आहोत, आणि ते जीव खाऊन वर पळतं. हाउबची रोपं महिनाभरात खांद्याला लागली. देठ काडीसारखे, दोन पानांमध्ये हातभर अंतर, अंग असं की दार लावलं तरी माना टाकायची. मंडळाने टेप लावून मोजलं आणि नोंदवलं: वाढ, एकेचाळीस टक्के जास्त. कळ्या यायच्या आणि गळायच्या, याचाही उल्लेख आहे, तळटिपेत: 'फळधारणा हा निकष पहिल्या टप्प्यात समाविष्ट नाही.'

हाउब रोज सकाळी उशांखाली गळालेल्या कळ्या वेचायचा. फेकायचा नाही, खिशात ठेवायचा. नेल्त्येने कोट धुवायला घेतला तेव्हा खिशातून ओंजळभर वाळलेल्या पिवळ्या कळ्या निघाल्या. तिने कोट धुतला, वाळवला आणि कळ्या परत त्याच खिशात ठेवल्या. 

डिसेंबरात तिने शेवटचं सांगून पाहिलं. "जुने दिवे अडगळीत पडलेत. एका कोपऱ्यात लावू. दहाच झाडांपुरते."

"सही केलीय मी. आणि शूर्डला खिडकीतून दिसेल."

"मग असं सांगा, शूर्डला न दिसणारी खोली आपल्याकडे कोणती आहे?"

हाउब उठला. ठरावाचा कागद काढून त्याने दोनदा वाचला. त्यात 'काचघर' असा शब्द होता. काचेचं घर. ज्या खोलीला काच नाही तिच्याबद्दल ठराव गप्प होता. आणि जो गप्प तो सहमत. नोर्डामांच्या घरात बिनखिडकीची खोली एकच होती.

त्याच दुपारी दोनशे चाळीसांतलं त्यातल्या त्यात धडधाकट रोप बादलीत लावून संडासात आणण्यात आलं. दुसऱ्या रोपाला जागा नव्हती. दार आत उघडायचं. वर जुना लाल-निळा दिवा, शेजारी खेसिनाचा कुंचला, मागे भिंतीवर कॅलेंडर. घरातल्या माणसांसाठी सूचना लावली: झाकण बंद ठेवा, फुलाला कोपर लावू नका, बसून फार वेळ विचार करू नका. काही दिवसांत रोपाने पळणं थांबवलं. पानं गडद झाली, देठ जाडला. ख्रिसमसला पहिला घोस फुलला आणि हाउबने गुडघ्यांवर बसून, जीभ दातांत धरून, कुंचला एकेका फुलाला लावला. खेसिनाही जीभ अशीच धरायची.

अकरा फेब्रुवारीला हाउबचा वाढदिवस होता. खुर्च्यांचं रिंगण झालं, आलेल्या प्रत्येकाने रिंगणात फिरून प्रत्येकाचं अभिनंदन केलं. (नेल्त्येचं, त्याची मुलगी असल्याबद्दल, शेजाऱ्यांचं, शेजारी असल्याबद्दल.) केकचा एकेक तुकडा झाला. मग शूर्ड विआर्डा उठले आणि संडासात गेले.

हाउबचा चेहरा उतरला. नेल्त्येने घड्याळ बघितलं. शूर्ड अकरा मिनिटं आत होते. तपासनीस माणूस.

बाहेर येऊन ते जागेवर बसले, मिशा पुसल्या आणि हळूच म्हणाले, "हाउब, तुमच्या संडासातला उजेड बरा आहे."

"गुलाबी आहे तो."

"असेल. डोळ्याला ऊब वाटते. आमच्याकडे खिडकीतून सगळं हिरवं येतं. बायको म्हणते, मी पहाटे बुडालेल्या माणसासारखा दिसतो." मग ते म्हणाले, "एक टोमॅटो खाल्ला मी. पिकलेला तेवढा एकच होता. विचारायला हवं होतं."

"कसा होता?"

शूर्ड विआर्डा हा आयुष्यात 'वाईट नाही' याच्या वर न गेलेला माणूस. त्यांनी पुन्हा मिशा पुसल्या. "उन्हाळ्यात खेसिना वाडगा घेऊन कालव्यापलीकडे यायची," ते म्हणाले. "तसा."

हाउबचे डोळे भरून आले आणि रिंगणातल्या सगळ्यांनी ताबडतोब हवामानाबद्दल बोलायला सुरुवात केली.

"मंडळात सांगाल हे?" नेल्त्येने विचारलं.

"हा मुद्दा दुसऱ्या टप्प्यातला," शूर्ड खेदाने म्हणाले. "आणि आता मी म्हणालो की गुलाबी बरा होता, तर लोक मला काय म्हणतील?"

फेब्रुवारीच्या अखेरीस वाणांच्या कचेरीतून तपासनीस बाई आल्या. त्यांनी काचघरात दोनशे एकोणचाळीस झाडं पाहिली, छताला टेकलेली, फळ शून्य. मग त्यांना संडासात नेण्यात आलं. तिथे एक झाड, पिकलेले आठ टोमॅटो, आठही एकसारखे, नारिंगी, पिवळ्या रेघांचे. बाईंनी एक खाल्ला, डोळे मिटले, उघडले आणि लिहिलं: 'फळ: उत्कृष्ट. झाडं: एक. आवश्यक: दहा. प्रकरण कायमचं बंद.' बाई भल्या होत्या. जाताना त्यांनी कॅलेंडरवर हाउबची तारीख बघून पंधरा दिवस उशिराने त्याचं अभिनंदनही केलं.

उरलेल्या सात टोमॅटोंचं बी हाउबने धुतलं, कागदावर वाळवलं आणि त्याच डब्यात भरलं. पुढच्या हिवाळ्यात ते लावता येईल, खाता येईल, शेजारी वाटता येईल. त्याला खेसिना मात्र म्हणता येणार नाही. डब्यावर चिठ्ठी चिकटवायला त्याने कागद कापला, पेन हातात घेतलं, आणि कागद कोराच चिकटवला.

मंडळाचं मूल्यमापन मार्चमध्ये झालं आणि ते या कार्यपद्धतीच्या प्रामाणिकपणाचा नमुना म्हणून जपून ठेवण्यासारखं आहे. चौदाही सभासदांना लेखी प्रश्न विचारण्यात आला: 'हिरवा उजेड पानाला सगळ्यांत कमी उपयोगाचा, हे ठरावाआधी आपणास माहीत होतं का?' होय, चौदा. नाही, शून्य. 'मग आपण का बोलला नाहीत?' दुसरं कुणीतरी बोलेल असं वाटलं, नऊ. झाकण लागलं होतं, चार. इतर कारण, एक. तिथे हाउबच्या अक्षरात फक्त 'सतरा मे' असं लिहिलं आहे. दप्तरी या तारखेचा अर्थ लागलेला नाही. हिरवा रंग दोन वर्षांसाठी कायम करण्यात आला.

इतिवृत्त बंद करण्यापूर्वी नियमाप्रमाणे एक छोटी बाब पूर्ण करायची आहे. हे पाचवीच्या पुस्तकातलं ज्ञान तुमच्याकडेही होतं. लिडुइनाबाईंनी तक्त्यावर पट्टी ठेवून टिंब काढलं, त्याच क्षणी तुमच्या लक्षात आलं होतं की रोपं उपाशी राहणार. तेव्हा डब्याचं झाकण अजून उघडं होतं. तुम्ही गालात हसलात आणि पुढे वाचत राहिलात. सभासदांच्या यादीत पंधराव्या क्रमांकावर तुमचं नाव घातलं आहे, आणि समोर 'सहमत' असं लिहिलं आहे.